उसाचे ब्रिक्स आणि शरीराच्या चिठ्ठ्या : तोंडाच्या कर्करोगाचा अंदाज कसा बांधतात?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाणी आणि तोडणी कार्यक्रम यांविषयी लिहितो. या अंकात विषय निराळा घेतला आहे. तो का घेतला, हे आधी सांगणे जरूर आहे.

गेल्या हंगामात ऐन तोडणीच्या धांदलीत एक सभासद गट ऑफिसात आले. हातात पिशवी होती. आम्हास वाटले, तोड लांबल्याची तक्रार असेल. पण पिशवीतून निघाली ती दवाखान्याची फाईल. त्यांचे धाकटे बंधू पंचवीस वर्षांपूर्वी भिवंडीस यंत्रमागावर कामाला गेले, पुढे तिथेच एका गोदामात लागले. घरचा ऊस थोरले पाहतात, धाकटे सणावाराला येतात. धाकट्यांच्या गालाच्या आतल्या बाजूस कर्करोग निघाला. परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर शेक दिले. वर्षभर बरे गेले आणि मग मानेत पुन्हा गाठ आली. फाईलमधल्या एका कागदावर बोट ठेवून थोरले म्हणाले, "साहेब, हितं तीस लिवलंय. म्हंजे माणूस तीस टक्केच उरला का? घरातली म्हणत्यात, आता पैसा घालून उपेग न्हाई. तुम्ही कागद वाचता, तुम्हीच सांगा."

आम्ही शेतकी पदविका घेतलेले. उसाच्या पानावरचा ठिपका ओळखू, पण हा कागद आम्हास उलगडेना. आम्ही एवढेच म्हणालो, "तात्या, आकडा कशाचा हे कळल्याशिवाय निकाल करू नका. आपण दोघे जाऊन विचारू." त्याप्रमाणे आम्ही भिवंडीस गेलो, धाकट्यांना घेऊन ठाणे आणि तिथून लोकलने परळ गाठले. डॉक्टरांनी समजावून सांगितले, नंतर आम्हीही जमेल तेवढे वाचले. तंबाखूची पुडी आपल्या बहुतेक घरांत आहे, आणि असा कागद उद्या आणखी कोणाच्या हाती येऊ शकतो. सबब जे समजले ते सर्व सभासदांसमोर ठेवीत आहोत.

शरीरातले चिटबॉय

आपल्या कारखान्याचे काम चिठ्ठीवर चालते. कोणत्या फडात टोळी पाठवायची, कोठे तोड थांबवायची, गाडी कोणत्या रस्त्याने न्यायची, हे चिटबॉय चिठ्ठी घेऊन फिरतो म्हणून कळते. शरीराचेही असेच आहे. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वत्र विखुरलेल्या असतात. त्यांना एकमेकींशी बोलायला तोंड नाही. म्हणून त्या बारीक प्रथिने तयार करून सोडतात. एका पेशीने सोडलेले प्रथिन दुसरीला जाऊन चिकटले की तिला हुकूम मिळतो : इकडे या, वाढा, मारा किंवा थांबा. या निरोप्या प्रथिनांना शास्त्रज्ञ सायटोकाइन म्हणतात. पेशीच्या अंगावरच बसून निरोप देणारी दुसरीही काही प्रथिने असतात. त्यांच्याकडे पुढे येऊ.

यातली काही नावे आपण ओळखून ठेवू. इंटरफेरॉन १९५७ साली सापडले. विषाणूने पछाडलेली पेशी शेजारणीला सावध करते, ते याच्यामार्फत. इंटरल्यूकिन-६, म्हणजे आयएल-६, हे दाह झाल्याची हाकाटी करणारे प्रथिन. ताप येतो, यकृत कामाला लागते, त्यात याचा मोठा वाटा. इंटरल्यूकिन-८ हे पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावते. टीजीएफ-बीटा जखम भरून आणणारे, तिथे चिवट धागे विणायला लावणारे प्रथिन.

निरोगी माणसात या चिठ्ठ्या कामापुरत्या निघतात आणि काम झाले की बंद होतात. कर्करोगात मात्र गाठ आणि तिच्या भोवतालच्या पेशी या चिठ्ठ्या सतत काढीत राहतात आणि गाठ त्यांचा स्वतःसाठी वापर करून घेते. आयएल-६ मुळे तिच्या पेशींना जगायला आणि वाढायला बळ मिळते. आयएल-८ मुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, म्हणजे गाठीच्या शेताला नवा पाट निघतो.

टीजीएफ-बीटाचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. सुपारी, मावा, गुटखा सतत खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू उघडेनासे होते. आधी तिखट लागते, मग गाल आतून पांढरट आणि ताठ होतो, शेवटी भाकरीचा घास जाईना. मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. सुपारीतल्या द्रव्यांमुळे टीजीएफ-बीटाची चिठ्ठी पुन्हा पुन्हा निघते आणि नसलेली जखम भरण्यासाठी शरीर गालात धागे विणीत बसते. हा विकार कर्करोग नव्हे, परंतु कर्करोगाच्या वाटेवरचा आहे. नुसती सुपारीसुद्धा, तंबाखूशिवाय, कर्करोग करते असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली दिला. "आम्ही तंबाखू घेत नाही, नुसती सुपारी," असे म्हणणाऱ्या बंधूंनी याची नोंद घ्यावी.

चिठ्ठ्या मोजून पुढचे कळते काय?

चिठ्ठ्या रक्तात आणि लाळेत उतरतात, म्हणून त्या मोजता येतात. अमेरिकेत २००४ साली एका अभ्यासात तोंडाचा व घशाचा कर्करोग असलेल्यांच्या लाळेत आयएल-८ आणि रक्तात आयएल-६ निरोगी माणसांपेक्षा जास्त आढळले. तेथीलच मिशिगन विद्यापीठाने २००८ साली डोके-मानेच्या कर्करोगाच्या ४४४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचारापूर्वी ज्यांच्या रक्तात आयएल-६ जास्त होते, त्यांच्यात रोग उलटण्याचे व मृत्यूचे प्रमाण अधिक निघाले. यावरून हे प्रथिन पुढच्या वाटचालीची खूण ठरू शकते, असे दिसते.

मग प्रत्येकाने रक्त तपासून आयएल-६ काढावे काय? तर नाही. याचे कारण उसावरून चटकन समजेल.

तोडणीपूर्वी आमचा कर्मचारी हातातले रिफ्रॅक्टोमीटर घेऊन तुमच्या फडात येतो, उसाचा थेंब काचेवर टाकतो आणि ब्रिक्स सांगतो. ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेला सगळा घन माल. त्यात साखर असते, क्षार असतात, आणखीही पुष्कळ असते. निव्वळ साखर किती, ते प्रयोगशाळेत पोल काढल्यावर कळते. शिवाय पाण्याचा ताण बसलेल्या उसाचा रस आटतो आणि ब्रिक्स वाढलेले दिसते. साखर वाढलेली नसते, पाणी कमी झालेले असते. उलट कालच पाणी पाजले असेल तर ब्रिक्स उतरलेले दिसते. म्हणून आम्ही एका उसाच्या एका थेंबावर तोड ठरवीत नाही. लागणीची तारीख, जात, शेंड्याचे आणि बुडख्याचे ब्रिक्स, सगळे जुळवून पाहतो.

आयएल-६ चेही तसेच आहे. हिरड्यांना पू झाला, साधा ताप आला, विडी-सिगारेट चालू असली, अंगावर चरबी जास्त असली, तरी ते वाढते. तंबाखू खाणाऱ्याच्या हिरड्या बहुधा खराबच असतात. तेव्हा आकडा वाढला तो गाठीमुळे की दातामुळे, हे नुसत्या आकड्यावरून कसे सांगणार? अमुक आकड्याच्या वर धोका, अशी सर्वांनी मान्य केलेली रेषाही ठरलेली नाही. त्यामुळे तोंडाच्या कर्करोगात आयएल-६ किंवा आयएल-८ पाहून उपचार ठरवण्याची रीत अजून रुग्णालयांत नाही. संशोधन चालू आहे, ते चालू राहावे. पण कोणी "लाळ तपासून सगळे सांगतो" म्हणून पैसे मागू लागला, तर सभासदांनी सावध असावे.

खोटी चिठ्ठी : पीडी-एल-१

आता तात्यांच्या कागदाकडे येऊ. त्यावर पीडी-एल-१ असे लिहिले होते आणि पुढे तीस.

पांढऱ्या पेशींतली एक जात मारेकरी असते. ती चुकून आपल्याच अंगावर तुटून पडू नये म्हणून तिला एक आवर घातलेला आहे. त्या आवराचे नाव पीडी-१. जपानचे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ साली तो शोधला आणि त्यासाठी २०१८ चे नोबेल पारितोषिक त्यांना जेम्स ॲलिसन यांच्याबरोबर मिळाले. शरीरातली पेशी आपल्या अंगावर पीडी-एल-१ हे प्रथिन दाखवते आणि मारेकरी पेशी समजते, "ही घरची आहे, हात लावायचा नाही."

गाठीच्या पेशी नेमकी हीच चिठ्ठी आपल्या अंगावर लावून घेतात. टोळी फडावर आली, मुकादमाने कोयते काढले, इतक्यात कोणी खोटी चिठ्ठी पुढे केली, "तोड बंद ठेवावी, आदेशावरून." टोळी बिचारी बांधावर बसून राहते आणि इकडे फड उभाच राहतो. असा हा प्रकार आहे.

यावरून वाटेल की पीडी-एल-१ जास्त म्हणजे रोग वाईट. येथेच तात्यांच्या घरच्यांची गफलत झाली, आणि ती कोणाचीही होईल. गंमत अशी की मारेकरी पेशी गाठीजवळ येऊन इंटरफेरॉन-गॅमा सोडू लागल्या की त्याच्या उत्तरादाखल गाठ पीडी-एल-१ वाढवते. म्हणजे खोटी चिठ्ठी पुष्कळ दिसली, तर त्याचा एक अर्थ असाही असतो की टोळी फडावर येऊन ठेपलेली आहे. ती नुसती अडवलेली आहे. म्हणूनच पीडी-एल-१ जास्त असलेल्या रुग्णांचे पुढे काय होते, याची उत्तरे निरनिराळ्या अभ्यासांत निरनिराळी आली आहेत. काहींत वाईट, काहींत बरी, काहींत फरकच नाही. नुसत्या अंदाजासाठी हा आकडा भरवशाचा नाही.

मग डॉक्टर तो काढतात कशाला? औषध निवडण्यासाठी. ब्रिक्स आणि माती परीक्षण यांत जो फरक, तोच येथे आहे. ब्रिक्स सांगते ऊस कोणत्या अवस्थेत आहे. माती परीक्षण सांगते कोणते खत लागू पडेल. मातीत स्फुरद कमी निघाले म्हणून जमीन मेली असे कोणी म्हणत नाही, उलट तिथे स्फुरद दिल्याचा गुण दिसतो. पीडी-एल-१ ची तपासणी ही बव्हंशी माती परीक्षणाच्या जातीची आहे. खोटी चिठ्ठी हिसकावून घेणारी औषधे निघाली आहेत, ती कोणास लागू पडण्याचा संभव अधिक, हे ती सांगते.

तो तीसचा आकडाही टक्के नव्हे. गाठीचा तुकडा काचेवर घेऊन रंगवतात. पीडी-एल-१ दाखवणाऱ्या पेशी, गाठीच्या आणि तिच्यात शिरलेल्या पांढऱ्याही, मोजतात. त्या संख्येला गाठीच्या जिवंत पेशींच्या संख्येने भागून १०० ने गुणतात. हा झाला गुणांक. डोके-मानेचा कर्करोग उलटलेल्या किंवा पसरलेल्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली आले. त्यात ज्यांचा गुणांक २० वा अधिक होता, त्यांना जुन्या औषधांवर मध्यमान १०.७ महिने आयुष्य मिळाले, तर पेम्ब्रोलिझुमॅब या नव्या औषधावर १४.९ महिने. म्हणजे तीस हा आकडा तात्यांच्या घरच्यांनी ज्या अर्थी घेतला, त्याच्या जवळजवळ उलट्या बाजूचा निघाला. "उपयोग नाही" असे त्याने सांगितले नव्हते. "हे औषध विचारात घ्यावे" असे सांगितले होते.

हे औषध फार महाग आहे, ही गोष्ट खरी. याच अडचणीवर टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी एक वाट काढून पाहिली. याच जातीचे निव्होलुमॅब नावाचे औषध, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांस २० मिलिग्रॅम, त्यांनी स्वस्त गोळ्यांच्या उपचाराला जोडून दिले. पूर्ण बरा होण्याची आशा नसलेल्या, पुढच्या अवस्थेतल्या १५१ रुग्णांवरची ही चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. नुसत्या गोळ्यांवर वर्षभराने शंभरात १६ जण हयात होते, कमी मात्रेचे औषध जोडल्यावर ४३. हा आकडा कोणास लहान वाटेल. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांना विचारावे.

सर्वांत खरा आकडा

परळला डॉक्टरांशी बोलताना आम्ही विचारले, "इतक्या तपासण्यांत सर्वांत नेमका अंदाज कोणती देते?" उत्तर साधे मिळाले. गाठ किती मोठी, किती खोल आणि मानेत उतरली का. २०१८ पासून गाठीची खोली मिलिमीटरमध्ये मोजून अवस्था ठरवतात. पाच मिलिमीटर खोलीच्या आतली, दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ ही पहिली अवस्था. मानेतल्या गाठीत रोग उतरला की अंदाज एकदम खाली येतो. कोणतेही प्रथिन अद्याप या मापाची जागा घेऊ शकलेले नाही, फार तर त्याच्या जोडीला बसेल.

मानेचे महत्त्व टाटा रुग्णालयानेच जगाला दाखवून दिले. तोंडाच्या लहान गाठी असलेल्या, मानेत हाताला काही न लागणाऱ्या रुग्णांत, पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेच्या गाठीही काढल्या तर तीन वर्षांनी शंभरात ८० जण हयात राहिले. मानेत गाठ दिसेपर्यंत थांबले तर ६७. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. खोडवा ठेवायचा नसेल तर बुडख्या वेळीच काढाव्या लागतात, हे आपणांस सांगायला नको.

आता एक गोष्ट आम्ही मनावर दगड ठेवून लिहितो. तीन वर्षांपूर्वी दिवाळीस धाकटे गावी आले होते. आम्ही त्यांच्या फडात खोडव्याची पाहणी करीत होतो. त्यांनी गाल ओढून आतला पांढरा चट्टा आणि त्याच्या कडेची जखम आम्हाला दाखवली. "साहेब, म्हैना झाला, भरंना." आम्ही म्हणालो, "उष्णता असेल, रात्रपाळी करता, बी-कॉम्प्लेक्स घ्या." त्यांनी आमचे ऐकले. भिवंडीत जाऊन गोळ्या घेतल्या, एका दवाखान्यातून तोंडात लावायचे मलम आणले. पुढचे चार-पाच महिने असे गेले. उसाच्या पानावर असा न जाणारा डाग दिसता तर आम्ही त्याच दिवशी पान प्रयोगशाळेत पाठवले असते. माणसाच्या गालावरच्या डागाला आम्ही गोळी सांगितली. धाकटे किंवा तात्या याविषयी आम्हास कधी बोलले नाहीत. पण त्या चार-पाच महिन्यांची किंमत कोणत्याही प्रथिनाच्या आकड्याहून मोठी होती, हे आम्हास आता कळते.

सभासदांनी काय करावे

१) तंबाखू, मावा, गुटखा, सुपारी, मिश्री यांपैकी काहीही घेणाऱ्याने महिन्यातून एकदा उजेडात, आरशात तोंड पाहावे. दोन्ही गाल, ओठ आतून, जिभेच्या कडा, जिभेखाली आणि हिरड्या. घरातल्या मिश्री लावणाऱ्या भगिनींचेही पाहावे, त्या आपण होऊन सांगत नाहीत. तोडणी टोळ्यांतील माणसांनाही हे सांगावे.

२) पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, हलणारा दात, मानेत गाठ, तोंड कमी उघडणे, यांपैकी काहीही असल्यास मलम-गोळीवर दिवस काढू नयेत. दंतवैद्याकडे किंवा सरकारी रुग्णालयात जावे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीचे कर्करोग रुग्णालय जवळ आहे. भिवंडीस असणाऱ्या आपल्या माणसांनी तेथील इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवावे आणि तेथून पुढे परळ गाठावे.

३) नुसते पाहण्याने काय होणार, असे म्हणू नये. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे साध्या डोळ्यांनी पाहिली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ साली जाहीर झाले. त्यास बॅटरी आणि डोळे यांपलीकडे काही लागले नव्हते.

४) तुकडा काढून तपासल्याने कर्करोग पसरतो, हा समज चुकीचा आहे. त्या भीतीने तपासणी लांबवू नये.

५) अहवालावरचा कोणताही आकडा घरी बसून वाचू नये आणि त्यावर जमीन विकण्याचा किंवा उपचार सोडण्याचा निर्णय करू नये. डॉक्टरांस दोन प्रश्न विचारावेत : हा आकडा पुढचा अंदाज सांगतो की औषध निवडण्यासाठी आहे? आणि अवस्था कोणती?

६) खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. शिधापत्रिका व आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटावे. कोणते उपचार योजनेत बसतात, हे त्याच्याकडून आधी समजून घ्यावे.

२००२ साली उसावर लोकरी मावा आला, तेव्हा आपण सर्वांनी मिळून शेते धुंडाळली, मित्रकीटक सोडले, एक पान पाहायचे ठेवले नाही. तोंडातल्या माव्याला मात्र आपणच पैसे मोजतो. गुटख्यास राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कोठे मिळते हे प्रत्येकास ठाऊक आहे. आम्हीही कचेरीत बसून तंबाखू मळीत होतो. परळहून परत आलो त्या दिवशी डबी विहिरीत टाकली. सोडणे सोपे नाही, पहिला महिना फार जड गेला, पण सुटली.

धाकट्यांचे कमी मात्रेचे औषध चालू आहे. पुढे काय होईल ते डॉक्टर ठामपणे सांगत नाहीत, आम्हीही सांगणार नाही. आडसाली लागणीच्या वेळी ते गावी आले होते. बांधावर बसून त्यांनी सरी मोजल्या आणि थोरल्याला सांगितले की तिसरी सरी वाकडी गेली आहे.

आमच्या गट ऑफिसात खिडकीशेजारी आता एक आरसा लावला आहे आणि त्याच्या खिळ्याला बॅटरी टांगली आहे. तोडीची चिठ्ठी घ्यायला याल, तेव्हा दोन मिनिटे तिथे उभे राहावे. संकोच करू नये. पहिल्यांदा तिथे आम्हीच उभे राहिलो.

आपला,
ऊस विकास अधिकारी